जिने रस्त्यावर आलेली वस्ती : मॉन्ट्रियलचे प्लाटो

सेंट लॉरेन्स नदीतील एका विस्तीर्ण बेटावर वसलेल्या मॉन्ट्रियल शहराच्या मधोमध सुमारे 233 मीटर उंचीचा एक डोंगर आहे. या डोंगराच्या पूर्व पायथ्यापासून पसरत गेलेल्या सपाट भूभागावर जी निवासी वस्ती आहे, ती 'प्लाटो माँ-रोयाल', म्हणजे माँ-रोयाल डोंगराचे पठार, या नावाने ओळखली जाते. नदीकाठच्या जुन्या शहरातून वर येणारा चढ शेरब्रुक रस्त्याशी संपतो आणि तेथूनच हे पठार सुरू होते. उत्तरेला व पूर्वेला रेल्वेचे रूळ तिची हद्द आखतात आणि पश्चिमेला डोंगर व त्यावरील उद्यान तिला अडवून धरतात. जेमतेम आठ चौरस किलोमीटरांच्या या टापूत एक लाखाहून अधिक माणसे राहतात आणि कॅनडातील सर्वांत दाट वस्त्यांमध्ये त्याची गणना होते, तरीही उंच मनोरे येथे अपवादानेच दिसतात. इतकी दाटी दोन-तीन मजली घरांत कशी सामावली, हे ज्याला कळले त्याला ही वस्ती बऱ्याच अंशी कळली असे म्हणण्यास हरकत नाही.

नकाशा घेऊन फिरणाऱ्या प्रवाशाने एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. मॉन्ट्रियलमध्ये 'उत्तर' म्हणजे नदीपासून दूर जाणारी दिशा. नदी येथे तिरकी वाहत असल्यामुळे ही स्थानिक उत्तर होकायंत्राच्या उत्तरेपासून बरीच पश्चिमेकडे झुकलेली आहे. परंतु पत्ते, बसथांबे आणि माणसे, सर्व याच उत्तरेला प्रमाण मानतात आणि कडक उन्हाळ्यातला मावळता सूर्य भलत्याच बाजूला पाहून केवळ परकेच चकित होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे शहर नव्हते. शेते, फळबागा आणि चुनखडीच्या खाणी यांच्या आधाराने काही गावे उभी होती. मॉन्ट्रियलच्या जुन्या चर्चना, बँकांना आणि श्रीमंतांच्या वाड्यांना जो करडा दगड लागला, त्यातील मोठा वाटा याच परिसरातील खाणींतून गेला. कोत सँ-लुई हे तर खाणकामगारांचेच गाव होते आणि तेथील धट्टीकट्टी, भांडखोर म्हणून नावाजलेली माणसे शहरवासीयांच्या तोंडी 'काळ्या पायांची' म्हणून ओळखली जात. आज लोरिए उद्यानात जेथे मुले खेळतात आणि लोक उन्हात पहुडतात, तेथे एकेकाळी सुरुंग उडत असत. शहर वाढत गेले तशी ही गावे एकेक करून त्याच्या पोटात गेली : सँ-जाँ-बाप्तिस्त 1886 मध्ये, कोत सँ-लुई 1893 मध्ये, द लोरिमिए 1909 मध्ये आणि माइल एंडचा परिसर 1910 मध्ये. गावांची स्वायत्तता संपली, परंतु प्रत्येकाचे मुख्य चर्च, बाजाराचा रस्ता आणि वळणे मात्र शाबूत राहिली. म्हणूनच एकाच वस्तीत चालताना चार गावे ओलांडल्याचा भास होतो.

या विलीनीकरणाला गती दिली ती ट्रामने. घोड्यांच्या ट्रामगाड्या 1861 पासून शहरात धावत होत्या आणि 1892 मध्ये विजेची ट्राम आली, तेव्हा कारखान्यात किंवा गोदीत काम करणाऱ्या माणसाला कामापासून चार-पाच किलोमीटरांवर घर करणे प्रथमच परवडू लागले. क्वेबेक प्रांताच्या खेड्यांतून फ्रेंच भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने शहरात येत होती. त्यांच्यासाठी घरे बांधली ती कोणा एका मोठ्या कंपनीने नव्हे. एखादा सुतार, गवंडी किंवा दुकानदार थोडे कर्ज काढून एक-दोन भूखंड घेई, त्यावर तीन बिऱ्हाडांचे घर उठवी, तळमजल्यावर स्वतः राही आणि वरच्या दोन मजल्यांच्या भाड्यातून कर्ज फेडी. एका घरात दोन बिऱ्हाडे असली तर त्यास 'डुप्लेक्स' आणि तीन असली तर 'ट्रिप्लेक्स' म्हणतात, आणि अशा सर्व घरांना मिळून मॉन्ट्रियलमध्ये नुसते 'प्लेक्स' हे नाव पडले आहे. भारतीय बिल्डरांच्या जाहिरातींतील डुप्लेक्स, म्हणजे एकाच कुटुंबाचे आतून दोन मजले जोडलेले घर, येथे अभिप्रेत नाही. प्लेक्समधील प्रत्येक बिऱ्हाड एका मजल्यावर संपते आणि त्याला स्वतःचे दार, स्वतःचा क्रमांक व स्वतःचा पत्ता असतो.

स्वतंत्र दाराच्या या आग्रहातूनच प्लाटोची ओळख बनलेला बाहेरचा जिना जन्मला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांना भिंती चिकटवून उभी असलेली घरे आणि प्रत्येक घराच्या पुढ्यात रस्त्यावर उतरणारा लोखंडी जिना, असे दृश्य येथे गल्लीमागून गल्ली दिसत राहते. काही जिने सरळ, काही काटकोनात वळलेले; काही अर्ध्या उंचीवर मुरडून पुन्हा मूळ दिशेला येणारे आणि काही असे वळणदार, की तळातून पाहताना वरची पायरी दिसू नये. या वळणांना शोभेपेक्षा गरज कारणीभूत होती. बऱ्याच रस्त्यांवर घर रस्त्यापासून काही अंतर मागे बांधावे आणि पुढे छोटी बाग ठेवावी, असा नियम होता. भूखंड अरुंद, बहुधा पंचवीस फूट रुंदीचे. अशा स्थितीत जिना घराच्या आत घेतला तर प्रत्येक मजल्याची मौल्यवान जागा त्यात जाणार आणि हिवाळ्यात ती तापवावीही लागणार. तोच जिना पुढच्या सक्तीने मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात टाकला की आतली जागाही वाचते आणि कोळसाही. मात्र त्या पट्ट्याची खोली थोडीच असल्यामुळे एवढी उंची गाठण्यासाठी जिन्याला वळावे तरी लागे किंवा जिवावर बेतेल इतके उभे तरी राहावे लागे. बहुतेक जिन्यांनी दोन्ही थोडे थोडे केले. अंधाऱ्या सामाईक जिन्यात तरुण-तरुणींना एकांत मिळू नये म्हणून चर्चने हे जिने उघड्यावर आणवले, असेही एक कारण हौसेने सांगितले जाते. ते रंजक आहे खरे, पण जागेचा आणि जळणाचा हिशेब इतका पुरेसा आहे की धर्मगुरूंना त्यात ओढण्याची गरज भासत नाही.

एखाद्या ट्रिप्लेक्ससमोर थांबून नीट पाहिले तर व्यवस्था उलगडते. तळमजल्याचे दार रस्त्याच्या पातळीपेक्षा दोन-तीन पायऱ्या वर असते. बाहेरचा जिना पहिल्या मजल्याच्या सज्जावर पोहोचतो आणि तेथे दोन दारे शेजारीशेजारी असतात : एक पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे, दुसरे उघडताच समोर अरुंद, उभा आतला जिना दिसतो, तो दुसऱ्या मजल्याच्या भाडेकरूला त्याच्या घरात नेतो. म्हणजे तीन कुटुंबे एका छपराखाली राहूनही एकमेकांच्या उंबरठ्यावरून जात नाहीत. मराठी वाचकाला येथे गिरणगावातील चाळीची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण साम्य वरवरचे आहे. चाळीचा सामाईक व्हरांडा सर्व बिऱ्हाडांना एका ओळीत बांधतो, तर प्लेक्सचा जिना त्यांना वेगळे करण्यासाठीच बांधलेला असतो, आणि शेजार जुळतो तो व्हरांड्यात न जुळता एका सज्जावरून दुसऱ्या सज्जावर मारलेल्या गप्पांतून जुळतो.

या जिन्यांचा भार हिवाळ्यात कळतो. मॉन्ट्रियलमध्ये दरवर्षी सरासरी दोन मीटरांच्या आसपास बर्फ पडते आणि जानेवारीचे सरासरी तापमान उणे दहा अंशांच्या घरात असते. लोखंडी सांगाड्यात लाकडी पायऱ्या बसवण्याची रीत त्यामुळेच पडली असावी, कारण गोठलेल्या उघड्या लोखंडावर पाय ठरत नाही; तरीही प्रत्येक हिमवर्षावानंतर फावडे घेऊन वरून खाली एकेक पायरी मोकळी करणे आणि मीठ किंवा खडी टाकणे हा वरच्या मजल्यावर राहण्याचा न टळणारा भाग होऊन बसतो. सामानाने भरलेल्या पिशव्या, तान्ह्या मुलाची ढकलगाडी, म्हातारपणी दुखणारे गुडघे, यांचा हिशेब ते बांधणाऱ्यांनी केला नव्हता. जिने धोकादायक आणि गचाळ आहेत अशी टीका वाढत जाऊन 1940 च्या दशकात शहराने दर्शनी भागावर नवे बाहेरचे जिने बांधण्यास मनाई केली. पुढे काही दशकांनी रुची पालटली. जे कामगारवस्तीचे लाजिरवाणे लक्षण मानले जात होते तेच वारसा ठरले, बंदी सैल झाली आणि आता जुना जिना काढून टाकायचा तर उलट परवानगी काढावी लागते.

घराचा बाकीचा बांधाही असाच काटकसरीतून आलेला आहे. बाहेरून जी विटांची किंवा करड्या दगडाची भिंत दिसते, ती पुष्कळदा नुसते आवरण असते. आतला भार तीन इंच जाडीच्या लाकडी फळ्या एकमेकींवर रचून केलेल्या भिंतींनी पेललेला असतो, आणि लाकूड उघडे ठेवू नये असा आगीच्या भीतीने केलेला शहराचा नियम त्या आवरणामागे आहे. दर्शनी बाजूला जेथे वाटसरूची नजर पडते तेथे मात्र मालकाने हात सैल सोडलेला असतो : ठोकून नक्षी काढलेल्या पत्र्याच्या महिरपी, दारावरील झरोक्यातील रंगीत काचा, कठड्यांवरील लोखंडी वेलबुट्टी. मागच्या बाजूला याचा मागमूस नसतो.

छप्पर पाहायचे तर उंचावर जावे लागते, पण ते समजून घेण्यासारखे आहे. बर्फाळ प्रदेशात उतरते छप्पर असावे, ही सर्वसाधारण समजूत. प्लाटोची छपरे मात्र सपाट आहेत आणि कडांपेक्षा मध्याकडे किंचित खोल आहेत. बर्फ वरच साठते, हळूहळू वितळते आणि त्याचे पाणी छपराच्या मध्यावरील नळीतून घराच्या आतूनच खाली जाते. नळी तापलेल्या घरातून जात असल्यामुळे ती गोठत नाही, आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या डोक्यावर बर्फाचे ढीग कोसळत नाहीत. भिंतीला भिंत चिकटलेल्या घरांना पाणी सोडायला बाजूच नसल्यामुळे ही युक्ती येथे फार उपयोगी ठरली.

आत गेल्यावर एक लांबट बोळ पुढून मागे जातो. पुढे रस्त्याकडे तोंड करून जोडखोली, मध्ये अंधाऱ्या झोपण्याच्या खोल्या आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर. घरभाड्याच्या जाहिरातींत 'साडेतीन', 'साडेचार', 'साडेपाच' असे आकडे आढळतात. त्यांतील पूर्णांक खोल्यांचा असतो, स्वयंपाकघर व दिवाणखाना त्यातच धरलेले, आणि अर्धा आकडा म्हणजे न्हाणीघर. नवख्या विद्यार्थ्याला प्रारंभी हा हिशेब कळत नाही. आठवडाभरात तोही 'साडेतीन शोधतो आहे' असे सहज बोलू लागतो.

स्वयंपाकघराचे मागचे दार उघडते ते परसदारी, आणि परसापलीकडे दोन रस्त्यांच्या घरांच्या पाठी ज्यात येतात ती गल्ली असते. पूर्वी कोळसा, बर्फाच्या लाद्या आणि लाकूडफाटा याच वाटेने घरात येई. तो साठवण्यासाठी प्रत्येक घरामागे पत्र्याने मढवलेल्या लाकडी कोठ्या तीन मजले उंच उभ्या असत, त्यांतूनच मागचा जिना उतरे. कोठ्यांमुळे मागच्या खोल्यांत उजेड येत नसे आणि एखादी पेटली की आग ओळीने पसरे. तेलाने व विजेने घरे तापू लागल्यावर त्यांचा उपयोग संपला. शहराने त्या पाडण्यासाठी मदत दिली आणि 1980 च्या दशकापर्यंत बहुतेक नाहीशा झाल्या. त्यामुळे गल्ल्यांत अचानक ऊन आले. कपडे वाळवण्यासाठी घरापासून उंच खांबापर्यंत कप्पीवर ओढलेल्या दोऱ्या तेवढ्या राहिल्या, आणि खिडकीत उभे राहून दोरी ओढत एकेक कपडा पुढे सरकवणारी माणसे अजूनही दिसतात.

1990 च्या दशकापासून रहिवासी आणि नगरपालिका मिळून या गल्ल्यांचे डांबर काही ठिकाणी उखडू लागली. त्या जागी वाफे, वेली, मुलांसाठी खेळाची जागा आणि वाहनांना अडथळा करणाऱ्या कुंड्या आल्या. अशा गल्लीला 'हिरवी गल्ली' म्हणतात आणि आता शहरभर त्या शेकडोंनी आहेत. उद्देश तापमान उतरवण्याचा आणि पावसाचे पाणी मुरवण्याचा सांगितला जातो. त्याहून ठळक परिणाम वेगळाच झाला : जिन्याच्या बाजूला जे शेजारी एकमेकांना टाळू शकत होते, त्यांना कोणत्या वाफ्यात टोमॅटो आणि कोणत्यात फुले यावर समिती नेमून वाद घालावा लागला.

वस्तीचे सामाजिक चरित्र तिच्या रस्त्यांच्या क्रमात वाचता येते. सँ-लुई चौकाच्या भोवती आणि लाव्हाल मार्गावर उंच, कोनदार छपरांची जी घरे आहेत ती फ्रेंच भाषक वकील, डॉक्टर आणि व्यापारी यांची होती. चौकाच्या जागी पूर्वी शहराला पाणी पुरवणारा तलाव होता. क्वेबेकच्या कवितेत आजही ज्याचे नाव आदराने घेतात तो एमील नेलिगन याच लाव्हाल मार्गावर वाढला आणि वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याची कविता लिहून संपली : 1899 मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि 1941 मध्ये मरेपर्यंत तो तशा संस्थांबाहेर पुन्हा कधी राहिला नाही. चौकापासून पूर्वेला सरकत गेले की घरे लहान होत जातात, वेलबुट्टी कमी होते आणि ला फोंतेन उद्यानापलीकडे कामगारांच्या वस्तीत येऊन पोहोचल्याचे जाणवते. हे उद्यान म्हणजे पूर्वीचे एक शेत. काही काळ तेथे सैन्याची कवायत होत असे.

याच पूर्वेकडील फाब्र रस्त्यावर 1942 मध्ये मिशेल त्रांब्ले जन्मला, आणि त्याने या स्वयंपाकघरांना रंगमंचावर नेले. त्याच्या 'ले बेल-सर' या नाटकात एका गृहिणीला बक्षीस म्हणून दुकानातील वस्तूंच्या बदल्यात वापरता येणारी दहा लाख तिकिटे मिळतात, ती वह्यांत चिकटवण्यासाठी ती शेजारणींना व बहिणींना घरी बोलावते आणि तिकिटे चिकटवता चिकटवता त्या ती चोरू लागतात. एकूण पंधरा बायका, एकच स्वयंपाकघर. 1968 च्या ऑगस्टमध्ये हे नाटक वस्तीतल्याच सँ-दनी रस्त्यावरील रिदो व्हेर नाट्यगृहात प्रथम झाले, तेव्हा खळबळ उडाली ती भाषेमुळे. पॅरिसच्या प्रमाण फ्रेंचऐवजी पात्रे 'ज्वाल' बोलत होती. इंग्रजी शब्द मिसळलेली, अक्षरे गिळणारी ही कामगारवस्तीची बोली रंगभूमीला शोभत नाही असे एका गटाला वाटले आणि दुसऱ्या गटाला वाटले की आपले बोलणे प्रथमच छापील पातळीवर आले. कथानक वाचणाऱ्याने त्यातील शिवराळपणाइतकीच त्यातील जागेकडेही नजर ठेवावी : मागचे दार सतत उघडे, शेजारीण मागच्या सज्जातून आत, आणि पुढच्या दाराने फक्त पाहुणे. प्लेक्सचा नकाशा माहीत नसेल तर त्या येण्याजाण्याचा अर्थ अर्धाच लागतो. पुढे 1978 पासून त्रांब्लेने 'प्लाटोच्या बखरी' म्हणून सहा कादंबऱ्यांची मालिका लिहिली.

वस्तीच्या पश्चिमेकडून उभा जाणारा सँ-लोराँ रस्ता मात्र फ्रेंच क्वेबेकचा नाही आणि पूर्णपणे इंग्रजांचाही नाही. शहरातील पत्त्यांचे पूर्व आणि पश्चिम क्रमांक या रस्त्यापासून मोजतात. लोकव्यवहारातही दीर्घकाळ त्याच्या पूर्वेला फ्रेंच आणि पश्चिमेला इंग्रजी असे मानले गेले, आणि मधल्या या पट्ट्यात नंतर आलेल्यांनी आपापली घरे केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातील ज्यू येथे आले, त्यांनी शिवणकामाचे कारखाने, छापखाने, वर्तमानपत्रे आणि ग्रंथालये काढली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच व इंग्रजी यांच्या खालोखाल यिडिश ही शहरातील तिसरी भाषा झाली. शेजारच्या सेंट अर्बेन रस्त्यावर वाढलेल्या मोर्देकाय रिचलरने या जगावर इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या. 1928 मध्ये सुरू झालेल्या 'श्वार्ट्झ' या खानावळीसमोर मसाल्यात मुरवून धुरावलेल्या गोमांसासाठी आजही रांग लागते, आणि माइल एंडच्या भट्ट्यांत बेगल, म्हणजे मध्ये भोक असलेला पाव, मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या विस्तवावर भाजला जातो. 1950 च्या दशकात पोर्तुगीज आले. त्यांनी जुनी, पडझड झालेली घरे विकत घेतली, डागडुजी केली, दर्शनी भिंती निळ्या-हिरव्या रंगवल्या आणि परसात द्राक्षाचे मांडव घातले. प्लाटोची जी रंगीबेरंगी छायाचित्रे प्रवासी काढतात त्यांचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते. सँ-लोराँ आणि मारी-आन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पोर्तुगालच्या नावाचे लहानसे उद्यान आहे, आणि त्याच उद्यानासमोर कवी-गायक लिओनार्ड कोहेनचे साधे घर होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांना परवडले ते मोटार घेऊन उपनगरांत गेले. घरे जुनी होत गेली, भाडी स्वस्त राहिली, आणि स्वस्त भाड्याच्या ओढीने विद्यार्थी, नट, चित्रकार, संगीतकार आले. त्यांच्या मागोमाग कॉफीची दुकाने, पुस्तकांची दुकाने आणि अखेरीस पैसा आला. आता येथील घरांच्या किमती शहरातील चढ्या किमतींत मोडतात. फ्रान्समधून येणाऱ्या तरुणांचीही प्लाटोवर इतकी पसंती आहे की गमतीने त्याला छोटा फ्रान्स म्हणतात. त्रांब्लेच्या पात्रांची बोली या फ्रेंच मंडळींनाही सहज कळत नाही, हा त्यातला गमतीचा भाग.

तरीही वस्ती अजून मुख्यतः भाडेकरूंची आहे, आणि त्याचे सर्वांत दृश्य रूप 1 जुलैला दिसते. क्वेबेकमध्ये भाडेकरार पूर्वी 30 एप्रिलला संपत. मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून घर बदलावे लागू नये म्हणून 1970 च्या दशकात कायद्याने ही मुदत 30 जूनपर्यंत नेण्यात आली, आणि सक्ती उठल्यानंतरही सवय टिकली. परिणामी उरलेला देश ज्या दिवशी आपला राष्ट्रीय दिन साजरा करतो, त्याच दिवशी मॉन्ट्रियल घर बदलते. मग वर वर्णिलेले वळणदार जिने कसाला लागतात. खांद्यांवरून पट्टे घेतलेली दोन माणसे शीतपेटी उतरवत असतात, खालचा मागे न पाहता पायाने पायरी चाचपतो, वरचा सूचना देतो. वळणावर न वळणारा सोफा पुष्कळदा सज्जावरून दोरांनी खाली सोडावा लागतो. पदपथांवर टाकून दिलेल्या गाद्या, टेबले, कपाटे यांचे ढीग साचतात आणि दुसऱ्या कुणाचा संसार त्यातूनच उभा राहतो. 

भाडेकरूच्या पाठीशी कायदा बराच भक्कम आहे. करार संपला म्हणून मालक भाडेकरूला बाहेर काढू शकत नाही. त्याने भाडेवाढ सुचवली तर भाडेकरू ती नाकारून घरातच राहू शकतो आणि मग घरभाडे न्यायाधिकरणाकडे जाण्याची पाळी मालकाची असते. यामुळे पूर्वी एक चतुर प्रथा रूढ झाली होती : घर सोडणारा आपला जुना, स्वस्त करार मित्राच्या नावे करून देई आणि भाडे नव्याने ठरवण्याची संधी मालकाला मिळतच नसे. मालकाला सबळ कारणाशिवाय हे हस्तांतर अडवता येत नव्हते. 2024 मध्ये कायद्यात बदल झाला आणि ही वाट मालकाच्या हाती आली. भाडेकरू संघटनांनी त्याला कडवा विरोध केला, तो व्यर्थ गेला. मालकांनी घराचे मोठे नूतनीकरण करायचे आहे असे सांगून भाडेकरू हलवणे, किंवा तीन बिऱ्हाडे पाडून त्यांचे एकच प्रशस्त घर करणे, हे प्रकारही वाढले. दुसऱ्या प्रकारावर प्लाटो या नगरविभागाच्या प्रशासनाने निर्बंध घातले आहेत. तीन कुटुंबांसाठी बांधलेले घर एका कुटुंबाने व्यापले की बाहेरून जिना, दारे, कठडे सर्व जसेच्या तसे राहते, आत माणसे तेवढी कमी होतात. वारशाच्या नियमांना दर्शनी भिंत राखता येते. भाडेकरू राखणे हा त्यांचा विषयच नाही.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र या विभागाने शहराला वळण लावले. 2009 मध्ये विभागाचे महापौर झालेल्या ल्यूक फेरांदेझ यांनी रस्त्यांच्या दिशा उलटसुलट करून निवासी गल्ल्यांतून होणारी परकी वाहतूक बंद केली, पदपथ रुंद केले आणि मोटारचालकांचा भरपूर रोष ओढवून घेतला. त्यांच्याच पक्षाच्या व्हालेरी प्लांत 2017 मध्ये संपूर्ण शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. 2020 पासून माँ-रोयाल मार्ग उन्हाळ्यात मोटारींना बंद ठेवला जातो, आणि सँ-दनी रस्त्यावर त्याच वर्षी दोन्ही बाजूंना रुंद सायकलमार्ग आला. या मार्गामुळे धंदा बसेल अशी तेथील काही दुकानदारांची तक्रार होती. उन्हाळ्यातील अशा मोकळ्या रस्त्यांमुळे जून ते सप्टेंबर हा काळ प्रवाशाला सोयीचा असला, तरी वस्ती मुळात कशासाठी बांधली गेली हे पाहायचे असेल तर फेब्रुवारीतील एखादी दुपार अधिक उपयोगी.

विभागाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मॅकगिल विद्यापीठाला लागून, मिल्टन-पार्क नावाचा भाग आहे आणि तेथे करड्या दगडाच्या व्हिक्टोरियन घरांची ओळ संपता संपता अचानक सिमेंटचे उंच मनोरे पुढे येतात. या ठिकाणी 1960 च्या दशकाच्या अखेरीस एका विकासकाने जवळजवळ सर्व घरे गुपचूप विकत घेतली होती आणि ती पाडून मनोरे, कार्यालये व हॉटेल यांचे मोठे संकुल बांधण्याचा त्याचा बेत होता. रहिवाशांनी निदर्शने केली, कार्यालयात ठिय्या दिला, काहींना अटक झाली. 1970 च्या दशकाच्या मध्यास संकुलाचा पहिला टप्पा उभा राहिला, तो म्हणजे आज दिसणारे मनोरे. त्यासाठी शेकडो घरे पडली. परंतु पुढच्या टप्प्यांसाठी पैसा आटला. उरलेली घरे 1979 मध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण महामंडळाच्या मदतीने विकत घेण्यात आली. वास्तुविशारद फिलिस लँबर्ट यांनी यात पुढाकार घेतला. सुमारे 600 बिऱ्हाडे दुरुस्त करून तेथे आधीपासून राहणाऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे व ना-नफा संस्थांकडे सोपवली गेली.

येथपर्यंतची कथा जगातील अनेक शहरांत सापडते. मिल्टन-पार्कचे वेगळेपण त्यानंतरच्या कागदपत्रांत आहे. घरे एकदा सहकारी संस्थेची झाली, तरी पुढे सभासदांनीच ठराव करून ती बाजारभावाने विकली तर काय, हा प्रश्न रहिवाशांच्या नेत्यांना सतावत होता. म्हणून त्यांनी प्रांतिक विधिमंडळाकडून खास कायदा करून घेतला आणि 1987 मध्ये सर्व संस्थांना एका सामाईक करारात बांधले. त्या करारानुसार जमीन सामाईक राहते, कोणतीही संस्था आपला भाग नफ्यासाठी विकू शकत नाही, ठरावीक घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाच द्यावी लागतात आणि घर रिकामे झाल्यास नवा रहिवासी पैशांच्या बोलीने निवडला न जाता संस्थेच्या निवड समितीकडून निवडला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला या घरांत आणि दोन रस्ते पलीकडे लक्षावधी डॉलरांना विकल्या जाणाऱ्या घरांत फरक दिसत नाही. तीच करडी चुनखडी, तेच उभे लोखंडी जिने, आणि त्यावरून उतरणारी, आपल्या घराच्या बाजारभावाशी देणेघेणे नसलेली माणसे.